सात पेपरांतलं हसू

मास्तरांनी आयुष्यात एक दिवससुद्धा शाळेत शिकवलं नव्हतं. तरी कोर्टाच्या आवारात शिपायापासून सरकारी वकिलापर्यंत सगळे त्यांना मास्तरच म्हणत, आणि ते नाव त्यांनी कमावलेलं होतं. एकतीस वर्षं त्यांनी एकाच पेपरासाठी कोर्टाच्या बातम्या लिहिल्या. खून, घोटाळे, मंत्र्याच्या मेव्हण्याचा खटला, लोक पहाटेपासून रांग लावत तो बँकेचा खटला, सगळं त्यांच्या वहीतून गेलं. या एकतीस वर्षांत त्यांच्या एकाही बातमीवर चूक-दुरुस्ती छापायची वेळ आली नाही. ही गोष्ट ते स्वतःहून कुणाला सांगत नसत. बोलणं तिकडे वळेल एवढी व्यवस्था मात्र करत.

मास्तर हे नाव पडलं वह्यांमुळे. कोर्टात मोबाइल न्यायचा नाही, रेकॉर्डर न्यायचा नाही, फोटोचं तर नावच काढायचं नाही. जे काय टिपायचं ते हाताने. मग सुनावणी संपली की सात पेपरांचे सात वार्ताहर दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या वळणावरच्या बाकाशी जमत आणि वह्या जुळवत. एका पेपरात साक्षीदार 'ढकललं' म्हणाला आणि दुसऱ्यात 'मारलं' म्हणाला, की दुसऱ्या दिवशी दोन्हीकडचे संपादक आपापल्या वार्ताहराला फैलावर घेत. तेव्हा ती भानगडच नको. प्रत्येकाने आपलं वाचायचं, आणि जिथे जुळत नसेल तिथे मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवून आपली वही उघडायची. मास्तरांच्या वहीत असेल ते ब्रह्मवाक्य. बाकीचे सहा जण मुकाट्याने खोडाखोड करत. बाहेरच्या माणसाला यात लबाडी दिसेल, पण लबाडी नव्हती ती. एकट्याने तोंडावर पडायची भीती होती. सातही जण एकदम तोंडावर पडू शकतात, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

डॉक्टरचा खटला उभा राहिला तो अकरा वर्षांपूर्वी. हृदयाचे नावाजलेले डॉक्टर. त्यांनी बायकोला घरी इंजेक्शन दिलं आणि अर्ध्या तासात ती गेली. पोलिसांचं म्हणणं, जाणूनबुजून दिलं. डॉक्टरांचं म्हणणं, औषध तिला सोसलं नाही. खटला सात महिने चालला. पंधराव्या दिवशी गेलेल्या बाईची आई, म्हणजे डॉक्टरांची सासू, साक्षीला उभी राहिली. लेकीशी फोनवर झालेलं शेवटचं बोलणं सांगता सांगता ती कोसळली, आणि न्यायाधीशांनी कामकाज अर्धा तास थांबवलं.

त्या दिवशी वह्या जुळवताना टाचणीने विचारलं होतं. टाचणी म्हणजे मास्तरांपेक्षा बारा वर्षांनी लहान, किडकिडीत वार्ताहर. बोलण्यानेही टोचायची, म्हणून टाचणी. पत्रकारांचा बाक आरोपीच्या पिंजऱ्याच्या मागे, त्यामुळे कुणाला डॉक्टरांची पाठच काय ती दिसे. एकटे मास्तर भिंतीकडच्या टोकाला बसत. तिथून डावा गाल दिसे.

"मास्तर, ती रडत होती तेव्हा ह्याचे खांदे हलत होते. हसला का हो तो?"

मास्तर म्हणाले, "हसला."

दुसऱ्या दिवशी सातही पेपरांत एकच मथळा होता, शब्द काय ते इकडचे तिकडे. सासू रडली, जावई हसला. डॉक्टरांच्या वकिलाने खुलासा पाठवला, की आमचा अशील हसला नाही. मास्तरांच्या संपादकांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून विचारलं, "नक्की ना?" मास्तर म्हणाले, "वहीत आहे." संपादकांनी वही मागितली नाही. मास्तरांनीही ती उघडली नाही. खुलासा आतल्या पानावर, टायरच्या जाहिरातीखाली तीन ओळींत गेला.

पुढे डॉक्टर निर्दोष सुटले. निकालपत्र बेचाळीस पानांचं होतं, आणि बेचाळीस पानं कोण वाचतो? लोकांच्या लक्षात राहिलं ते हसू. दवाखान्यात कुत्रं फिरकेना, तेव्हा डॉक्टर गाशा गुंडाळून दुसऱ्या शहरात गेले. इकडे मास्तरांचं नाव झालं. पत्रकारितेच्या वर्गांतून त्यांना व्याख्यानाला बोलावत आणि ते मुलांना सांगत, "साक्षीदार बोलत असतो तेव्हा आरोपीकडे बघा." मग स्वतःच्या ओठाचा डावा कोपरा जरासा वर उचलून दाखवत. मुलांच्या अंगावर काटा येई. मास्तरांच्याही येई, कारण तो ओठ त्यांना अगदी लख्ख दिसत असे.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. एका प्रकाशकाने त्यांच्या आठवणींचं पुस्तक काढायचं ठरवलं, मुद्रितं तपासायला घरी आली, आणि मास्तर लाल पेन घेऊन जेवणाच्या टेबलावर ठाण मांडून बसले. पहिलंच प्रकरण डॉक्टरच्या खटल्याचं. पहिलंच वाक्य, 'पंधराव्या दिवशी आरोपी पहिल्यांदा हसला.'

अशाच एका सकाळी दारावरची बेल वाजली. विशीतली एक मुलगी उभी होती, खांद्याला कॉलेजची पिशवी.

"तुम्हीच कोर्टाच्या बातम्या लिहायचात ना? मी डॉक्टरांची मुलगी."

कुठल्या डॉक्टरांची ते तिने सांगितलं नाही. मास्तरांना विचारावं लागलं नाही.

त्यांनी तिला आत बसवलं. मास्तरीणबाईंनी पाणी आणून दिलं आणि त्या तिथेच टेकल्या. नवऱ्याकडे बाहेरचं माणूस आलं की चार कानांनी ऐकलेलं बरं, असं त्यांचं मत होतं.

मुलगी भराभर बोलली, घरून पाठ करून आल्यासारखी. आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तेव्हापासून ती आजीकडे, आईच्या आईकडे. वडील सुटून आले तेव्हा आजीने दार उघडलं नाही. आजी म्हणायची, चूक झाली असेल, कोर्ट म्हणतं तर झाली असेल. पण मी उभी रडत असताना जो हसतो त्याच्या हातात पोर देणार नाही. वडिलांची पत्रं यायची, ती परत जायची. आता मात्र पत्र कॉलेजच्या पत्त्यावर आलं होतं. एकदा रविवारी येऊन भेट, एवढंच होतं त्यात.

"निकालपत्र मी वाचलंय काका. दोनदा. इंजेक्शनचं मला पटलं. पण ते हसू पटत नाही. ते म्हणतात, मी हसलो नाही. ते तर म्हणणारच. कोर्टाच्या कागदांत असलं काही नसतं."

"नसतं," मास्तर म्हणाले. "तिथे बोललेलं तेवढं उतरवतात. चेहरे नाही उतरवत."

"म्हणून तुमच्याकडे आले. सगळे सांगतात, तुमच्या वहीत चेहरेसुद्धा असतात. तुम्ही सांगाल ते मी मानीन. हसले असतील तर पत्र फाडून टाकते. नसतील तर रविवारी जाऊन भेटते."

मास्तरांच्या जिभेवर 'हसले' आलेलंच होतं. अकरा वर्षांत इतक्या वेळा म्हटलेला शब्द, त्याला काय वेळ लागतो! पण एवढी मोठी गोष्ट नुसत्या तोंडाने कशाला सांगायची, चांगलं पान उघडून दाखवू, असं त्यांना वाटलं. खरं सांगायचं तर थोडी शेखी मिरवायची हौसही होतीच. "थांब, वहीच आणतो," म्हणत ते आतल्या खोलीत गेले.

कपाटात वह्या वर्षवार लावलेल्या होत्या. त्यांना पान शोधायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. डाव्या बाजूला साक्षीदाराचे शब्द, उजव्या समासात कंसात चेहरे आणि हालचाली, ही त्यांची पद्धत. (वकील घड्याळ बघतो.) (न्या. पाणी पितात.) साक्षीच्या पहिल्या दीड पानात असे अकरा कंस होते. मग लेकीच्या फोनची हकीकत सुरू झाली आणि निळी शाई फिकी होत होत गेली. मग नुसते ओरखडे. मग शाई यावी म्हणून गरागरा काढलेली वर्तुळं. त्यानंतरच्या ओळी शिसपेन्सिलीने होत्या, आणि पहिली ओळ होती, 'कामकाज अर्धा तास तहकूब.'

समास कोरा होता.

मास्तर वही घेऊन खाटेवर बसले. आता त्यांना आठवलं. पेन बंद पडलं होतं. ते खाली वाकून पिशवीत दुसरं शोधत होते, दुसरं सापडलं नाही, पेन्सिल सापडली, आणि डोकं वर केलं तोवर न्यायाधीश उठलेले होते. त्या मिनिटभरात त्यांनी पिशवीतल्या जेवणाच्या डब्याखेरीज काहीही पाहिलेलं नव्हतं. मग जिन्यावर टाचणीने विचारलं, आणि सहा जण वह्या उघडून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. 'माझं लक्ष नव्हतं' हे तीन शब्द मास्तरांना जड गेले. एवढंच घडलं होतं. पण मग तो ओठ? तो डावा कोपरा? तो कुठून आला होता?

ते बाहेर आले आणि म्हणाले, "सापडत नाही गं वही. परवा ये."

मुलीचा चेहरा उतरला, पण ती बरं म्हणून गेली. मास्तरीणबाईंनी दार लावलं आणि वळून नवऱ्याकडे पाहिलं.

"तुमची वही सापडत नाही? तुमची?"

"पडली असेल कुठे मागे."

"अहो, लग्नात मी कुठल्या रंगाची साडी नेसले होते ते तुमच्या वहीत सापडतं. अन् ही सापडत नाही?"

मास्तर मुद्रितं सरळ करू लागले. खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे पुढचं खोटं सुचेना.

दुपारी त्यांनी फोन घेतला. सातांतले दोघे आता हयात नव्हते, उरलेल्या चौघांना लावला. मनात एकच आशा, की कुणीतरी म्हणावं, तुम्ही जाऊ द्या मास्तर, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. गंमत अशी, की पहिले तिघेही तेच म्हणाले. एकाला तर डॉक्टरांचे दात दिसले होते. "मागून कसे दिसले रे?" असं मास्तरांनी विचारल्यावर तो जरा अडखळला आणि म्हणाला, "मान वळवली असेल हो त्याने." दुसऱ्याने सांगितलं, की हसण्याचा आवाजही आला होता, हलकासा. शेवटी टाचणी.

"मला कुठलं दिसतंय?" ती म्हणाली. "माझ्या पुढ्यात पाठ. खांदे हलले तेवढं पाहिलं. हसला हे तुम्ही सांगितलंत."

"आणि मी नसतं सांगितलं तर?"

"तर 'खांदे हलले' लिहिलं असतं. त्याने पहिलं पान मिळालं नसतं, एवढंच." मग तिच्या लक्षात आलं असावं. "मास्तर, काय झालंय?"

मास्तरांनी 'काही नाही' म्हणून फोन ठेवला. ते पुन्हा मुद्रितांपुढे बसले, लाल पेन उचललं आणि संध्याकाळपर्यंत त्या पहिल्या वाक्याकडे बघत राहिले. वाक्य काढलं तर प्रकरण जातं. प्रकरण गेलं की व्याख्यानं जातात, एकतीस वर्षं जातात, मास्तर जातात. उरतो तो पिशवीत पेन शोधणारा एक माणूस. बरं, न सांगितलं तर कुणाला कळणार होतं? ती पोरगी पत्र फाडेल, तिकडे कुठल्यातरी शहरात एक म्हातारा होत चाललेला माणूस रविवारी वाट बघेल, बस. हा विचार त्यांनी केला, पुरता केला, आणि त्यांना स्वतःची किळस आली.

जेवायच्या वेळी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. त्या भाताची शितं चिवडत राहिल्या.

"तुम्ही माझ्याबद्दल नेहमी म्हणता," त्या म्हणाल्या, "की हिला जे माहीत नसतं तेही ही ठासून सांगते."

"हो."

"मी सांगितलेलं कुणी छापत नाही, म्हणून खपतं हो."

मुलगी ठरल्या दिवशी आली. मास्तरांनी काही प्रस्तावना केली नाही. वही तिच्यापुढे उघडून ठेवली आणि बोट ठेवून दाखवलं. ही शाई संपली. ही वर्तुळं. इथून पेन्सिल. ह्या वेळात मी खाली वाकलेलो होतो.

तिला कळायला थोडा वेळ लागला. मग ती एकदम उजळली. "म्हणजे ते हसले नव्हते!"

"ते मला सांगता येणार नाही," मास्तर म्हणाले. हे म्हणणं त्यांना सगळ्यांत कठीण गेलं, कारण तिचा चेहरा पाहून 'नव्हते' म्हणून टाकावं असं फार वाटलं होतं. "मी पाहिलं नाही, बाळ. हसलेलं पाहिलं नाही, न हसलेलंही पाहिलं नाही. एकदा न बघता सांगून बसलो, आता परत नाही सांगणार."

"आणि बाकीचे सहा?"

"त्यांनी माझ्यावर भिस्त ठेवून लिहिलं."

ती उठून उभी राहिली. "अकरा वर्षं काका. माझे वाढदिवस राहू द्या, दहावीचा निकालसुद्धा त्यांना कुणी कळवला नाही. तुम्हाला नुसतं 'माहीत नाही' म्हणता आलं नाही?"

"नाही आलं," मास्तर म्हणाले.

मास्तरीणबाई मधे पडतील असं त्यांना वाटलं होतं. त्या पडल्या नाहीत. त्या मुलीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या, आणि त्या घरात मास्तर पहिल्यांदाच एकटे पडले.

थोड्या वेळाने मुलगी शांतपणे म्हणाली, "मला सांगून भागणार नाही. आजीला सांगा. माझं ती ऐकणार नाही. वडिलांची बाजू घेते म्हणेल. तुम्ही चला."

मास्तरांनी चपला घातल्या. निघण्याआधी त्यांनी प्रकाशकाला फोन करून पहिलं प्रकरण थांबवायला सांगितलं. प्रकाशक म्हणाला, एका वाक्यासाठी? मास्तर म्हणाले, हो, एका वाक्यासाठी, आणि माझ्या जुन्या पेपरालाही आज लिहितोय, चूक-दुरुस्ती छापा म्हणून.

आजीचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, खिडकीत वाळत घातलेले टॉवेल, भिंतीवर लेकीचा फोटो. आजी खुर्चीत बसून शेंगा निवडत होत्या. साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिलेली ताठ बाई मास्तरांच्या डोळ्यांपुढे होती. ही तिच्या निम्मीच उरली होती. मुलीने ओळख करून दिली. "आजी, पेपरात ते हसण्याचं छापलं होतं ना, ते पहिल्यांदा ह्यांनी सांगितलं होतं."

"असं?" आजींनी त्यांना बसायला खूण केली. "तुमचे उपकार आहेत हो. तुम्ही लिहिलंत म्हणून मला कळलं."

पाचशे माणसांसमोर घडाघडा बोलणारे मास्तर त्या दोन खोल्यांत चाचरू लागले. तरी त्यांनी सांगितलं. पेन, पिशवी, पेन्सिल, जिन्यावरचा प्रश्न, सगळं क्रमाने, काही न वगळता. "मी पाहिलं नव्हतं," ते शेवटी म्हणाले. "मी कबूल करायला आलोय."

आजींचे हात शेंगांवर थांबले होते. त्या रागावतील, हाकलून देतील, याची मास्तरांनी तयारी केली होती. आजी मात्र समोर बघत राहिल्या, जणू अजून त्या पिंजऱ्यातच उभ्या होत्या.

"पण मी पाहिलं होतं ना," त्या म्हणाल्या.

मुलगी गर्रकन वळली. "काय पाहिलं होतंस?"

"तुझ्या बापाला. मी समोरच होते, त्याच्याकडेच बघून बोलत होते. वाटलं, बघू तरी हा काय करतो. त्याने रुमाल तोंडात कोंबला होता. रडत होता तो. आवाज येऊ नये म्हणून कोंबला होता. खांदे असे हलत होते..."

"मग आजी, मग तू..."

"दुसऱ्या दिवशी पेपर आला," आजी म्हणाल्या. "एकात आलं म्हणून शेजारच्यांकडचा पाहिला, त्यातही तेच. सगळे पाहिले मी. सातही. म्हटलं, शिकलेली सात माणसं, लिहायलाच बसलेली, ती एकदम कशी चुकतील? माझे डोळे भरले होते. मलाच नीट दिसलं नसेल."

मुलीने पिशवीतून फोन काढला होता. वडिलांच्या पत्रातला नंबर ती लावत होती, लागत नव्हता. आजींनी हात पुढे करून तिचं मनगट धरलं, अडवायला नव्हे, आधाराला.

मास्तरांना उठून जावंसं वाटलं, पण एक गोष्ट सांगायची राहिली होती आणि ती त्यांच्याशिवाय कुणी सांगणार नव्हतं.

"सात नव्हती हो बाई," ते म्हणाले. "एकच होता. आणि तो बघत नव्हता."